सीलबाख: एका पेल्याची पाठचिकित्सा

एखादे जुने हस्तलिखित हाती आले की पाठचिकित्सक पहिला प्रश्न विचारतो तो अर्थाविषयीचा नसतो. ही प्रत कुठली, कोणाच्या दप्तरातून आली, तिचा कागद आणि अक्षरवळण कोणत्या काळाचे आहे, हे तो आधी पाहतो. अर्थाचा आणि सौंदर्याचा विचार त्यानंतरचा. एम. ए.च्या वर्गात ही शिस्त शिकवताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर बहुधा कंटाळा असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. ग्रंथ सुंदर असेल तर तो कोणी व कधी लिहिला याची इतकी उठाठेव कशासाठी, असे त्यांना वाटते. या शंकेला उत्तर देण्यासाठी मी अलीकडे वाङ्मयाबाहेरचे एक उदाहरण घेऊ लागलो आहे. ते आहे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातील एका फेसाळ पेयाचे. बर्बन व्हिस्की आणि शॅम्पेन यांच्या या मिश्रणाचे नाव ‘सीलबाख कॉकटेल’. ही ‘प्रत कुठली’ हा प्रश्न त्याला वेळेवर विचारलाच गेला नाही, आणि म्हणून सुमारे एकवीस वर्षे जगभरचे जाणकार एका नव्या पेयाला जुने म्हणून मान देत राहिले.

आधी संहिता पाहू. पेय घरी करायला अवघड नाही. बर्बन तीस मिलिलिटर. क्वांत्रो, म्हणजे संत्र्याच्या सालीपासून केलेले फ्रेंच मद्य, पंधरा मिलिलिटर. अँगोस्टुरा आणि पेशॉड या दोन कडवट अर्कांचे प्रत्येकी सात शिंतोडे. आणि वरून सुमारे दीडशे मिलिलिटर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, शॅम्पेन. शेवटी लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीची एक पट्टी पेल्यावर पिळायची, म्हणजे तिच्यातले सुगंधी तेल फेसावर उडते. खरी शॅम्पेन परवडत नसेल तर स्पेनची काव्हा किंवा दुसरी एखादी कोरडी फेसाळ वाइन चालते.

या कृतीत महत्त्व आहे ते क्रमाला आणि थंडाव्याला. पेला आणि वाइन दोन्ही आधी चांगले गार करून ठेवावे लागतात, कारण कार्बन डायॉक्साइड थंड द्रवात अधिक विरघळून राहतो. पेला कोमट असला तर वायू भसकन निघून जातो आणि वाइन मंदावते. बर्बन, क्वांत्रो आणि अर्क हे तिन्ही पेल्यात घालून आधीच ढवळून घ्यायचे. मग पेला तिरका धरून वाइन त्याच्या भिंतीवरून सावकाश सोडायची. खालून वर येणारे बुडबुडेच उरलेले मिश्रण करतात. त्यानंतर चमचा फार तर एकदाच हलक्या हाताने फिरवावा. अधिक ढवळले की वायू निघून जातो, आणि त्या वायूसाठी तर शॅम्पेनचे मद्य बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेले असते.

चव घेतली की एक गोष्ट लक्षात येते. कडवट अर्कांचे चौदा शिंतोडे हे प्रमाण अवाजवी आहे. अशा पेयांत दोन-तीन शिंतोडे पुष्कळ मानले जातात. इथे मात्र अर्क मसाल्यासारखा मागे राहत नाही, तो पेयाचा कणाच होतो. लवंग, बडीशेप, साली-मुळे यांचा कडसर सुगंध फेसाबरोबर वर येतो. या चौदा शिंतोड्यांकडे पुन्हा यायचे आहे.

आता या संहितेबरोबर आलेली कथा. १९९५ मध्ये लुईव्हिलच्या सीलबाख हॉटेलात उपाहारगृहाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी अॅडम सीगर या तरुणाकडे आली. काही काळाने हॉटेलाकडून सांगण्यात येऊ लागले की, दारूबंदीच्या आधीच्या काळातले हॉटेलाचे स्वतःचे एक विस्मृत पेय जुन्या कागदपत्रांत सापडले आहे. त्याच्या जन्माची हकीकतही होती: गल्ल्यामागच्या माणसाने एक मॅनहॅटन तयार करून ठेवले होते, शेजारी शॅम्पेनची बाटली उघडताना फेस उतू गेला, तो सावरण्यासाठी त्याने हाताशी होता तो मॅनहॅटनचाच पेला पुढे केला, आणि चूक म्हणून बाजूला ठेवलेल्या त्या पेल्यातून नवे पेय निघाले.

ही कथा खोटी वाटण्याचे कारण नव्हते, कारण तिच्या आजूबाजूचे जवळजवळ सगळे खरे होते. बव्हेरियाहून आलेल्या सीलबाख बंधूंनी हे हॉटेल १९०५ मध्ये उघडले, हे खरे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, तरुण एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड लुईव्हिलजवळच्या कॅम्प टेलर या लष्करी छावणीत काही आठवडे होता, हे खरे. ‘द ग्रेट गॅट्स्बी’ या त्याच्या १९२५ च्या कादंबरीत डेझीचे लग्न लुईव्हिलमध्येच होते, आणि वऱ्हाडासाठी ज्या हॉटेलाचा संपूर्ण मजला घेतला जातो त्याचे नाव आहे मुलबाख. हे नाव सीलबाखवरून सुचले असावे असे लुईव्हिलकर आवडीने सांगतात. आणि १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती, हे तर निर्विवादच आहे. जवळजवळ चौदा वर्षांच्या त्या काळात मद्यगृहे बंद झाली, कारागीर दुसऱ्या धंद्यांत किंवा परदेशी गेले. आधी घेऊन ठेवलेले मद्य स्वतःच्या घरी पिण्याला कायद्याची आडकाठी नव्हती, त्यामुळे पेये करण्याची कला सार्वजनिक जागेतून उठून दिवाणखान्यात आली, आणि पुष्कळशी विसरलीही गेली. ‘हरवलेली कृती’ दडण्यासाठी इतिहासाने स्वतःच एवढी मोठी पोकळी करून ठेवलेली असताना एखादी कृती त्या पोकळीतून वर आली, तर नवल कसले?

घटकांच्या बाबतीतही शंका घेण्यासारखे काही नव्हते. पेल्यातल्या प्रत्येक पदार्थाचे कुळ कागदोपत्री सिद्ध आहे. अँगोस्टुरा हा अर्क योहान सीगर्ट या जर्मन वैद्याने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या त्याच नावाच्या गावी तयार केला. पुढे तो धंदा त्रिनिदादला गेला. पेशॉड हा न्यू ऑर्लिन्सच्या एका औषधविक्रेत्याचा, एकोणिसाव्या शतकातला. ‘कॉकटेल’ या शब्दाची पहिली मुद्रित व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन या गावच्या वृत्तपत्रात १३ मे १८०६ रोजी आली आणि तिच्यात मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क एवढे चार घटक सांगितले आहेत. जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात शॅम्पेन कॉकटेलची कृती आहे. म्हणजे फेसाळ वाइन आणि कडवट अर्क यांचे नाते त्या काळात जुळलेले होतेच.

बर्बनची तर गोष्टच वेगळी. अस्सलपणाची इतकी कडेकोट व्यवस्था क्वचितच दुसऱ्या मद्याच्या वाट्याला आली असेल. किमान एक्कावन्न टक्के मका, आतून जाळून काळा केलेला नवा ओकचा बुधला, ऊर्ध्वपातनात अल्कोहोलचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आत, बुधल्यात भरताना साडेबासष्ट टक्क्यांच्या आत, बाटलीत किमान चाळीस टक्के: असे सगळे नियमांनी ठरलेले आहे. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे जाहीर केले. याच्या मुळाशी भेसळीचा अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात पिंपातली व्हिस्की दुकानदाराच्या हाती पडली की तिच्यात काय काय मिसळले जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून १८७० मध्ये लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राऊन याने आपली ‘ओल्ड फॉरेस्टर’ सीलबंद काचेच्या बाटलीतूनच विकायला सुरुवात केली. पुढे १८९७ मध्ये सरकारी देखरेखीखाली मुरवलेल्या आणि भरलेल्या व्हिस्कीला मोहोर देणारा कायदा आला. गंमत अशी की, सीलबाख कॉकटेलच्या कृतीत बर्बन म्हणून नेमकी ओल्ड फॉरेस्टरच सांगितलेली होती. बाटलीचे बूच कोणी उघडले नव्हते ना, याची काळजी घेणाऱ्या शहरात कथेच्या बुचाकडे मात्र कोणी पाहिले नाही.

खरे तर हे शहर आणि हे राज्य अशा कथांना सरावलेले होते. पहिली बर्बन १७८९ मध्ये एलायजा क्रेग या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने केली, असे केंटकीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या श्रद्धेचा माग काढत गेले की आपण १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड कॉलिन्सच्या केंटकीच्या इतिहासाशी येऊन थांबतो. तिथे जॉर्जटाऊन गावच्या एका गिरणीत त्या वर्षी पहिली बर्बन झाली असे ओझरते विधान आहे. क्रेगचे नाव त्या विधानात नाही, ते नंतरच्यांनी जोडले. क्रेग मद्य गाळीत असे, पण त्या काळी केंटकीतले कितीतरी शेतकरी मका गाळीतच होते. तसेच ‘ओल्ड फॅशन्ड’ या पेयाचे. ते लुईव्हिलच्या पेंडेनिस क्लबात जन्मले असे मानतात, पण त्या नावाचा छापील उल्लेख शिकागोच्या वृत्तपत्रात १८८० मध्येच सापडतो आणि क्लब स्थापन झाला तो १८८१ मध्ये. आपल्याकडील बखरींचे वाचक या प्रकाराला चांगले ओळखतात. घडलेले असते ते हळूहळू, अनेकांच्या हातून. सांगायला मात्र एक माणूस, एक गाव आणि एक साल लागते. सीलबाखची कथा ही त्याच परंपरेतली, हॉटेलाची एक छोटी बखर होती.

कथा पसरली ती मात्र आधुनिक मार्गाने. १९९७ मध्ये गॅरी आणि मार्डी रीगन या दांपत्याने आपल्या कॉकटेलविषयक पुस्तकात हे पेय घेतले आणि कृती छापील झाली. एकदा छापली गेल्यावर पुढच्या लेखकाला मूळ कागदाची गरज उरली नाही. आधीचे पुस्तक हाच त्याचा आधार. काळही अनुकूल होता. न्यूयॉर्कच्या रेनबो रूममध्ये १९८७ पासून डेल डिग्रॉफ याने जुन्या पुस्तकांतील पेये पुन्हा करायला सुरुवात केली होती आणि ‘दारूबंदीपूर्व’ हा शब्द गुणवत्तेचा दाखला बनत चालला होता. जे जुने ते चांगले असे एकदा ठरले, की चांगल्या वस्तूला जुने ठरवण्याचा मोह फार दूर राहत नाही.

तरीही जाणकार फसले कसे? मला वाटते, याचे एक उत्तर त्या चौदा शिंतोड्यांत आहे. पाठचिकित्सेत एक प्रसिद्ध नियम आहे: दोन पाठांपैकी जो अधिक कठीण तो बहुधा अधिक जुना. लेखनिक सोप्याचे कठीण करीत नाही, कठिणाचे सोपे करतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे हे तत्त्व आपल्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. सीलबाखची कृती वाचणाऱ्याने नकळत हाच नियम लावला असणार. इतके विचित्र प्रमाण आज कोण कल्पनेने रचील? हे नक्कीच दुसऱ्या काळाच्या जिभेचे असले पाहिजे. नियम खोटा नव्हे, पण त्याला एक अट आहे. लेखनिक अजाण आहे किंवा घाईत आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. लेखनिकच कुशल रचनाकार असेल आणि विचित्रपणा त्याने हेतुपुरस्सर घातला असेल, तर हाच नियम आपल्याला बरोबर चुकीच्या जागी नेऊन सोडतो. शिवाय नियम लावायला किमान दोन प्रती लागतात. इथे एकही नव्हती. होता तो फक्त प्रत पाहिल्याचे सांगणारा माणूस.

२०१६ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट सायमन्सन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की, जुनी कृती, जुना मेन्यू, उतू गेलेला फेस हे सगळे कल्पित आहे, असे सीगर यांनी स्वतःच कबूल केले आहे. पेय त्यांचेच होते. त्या वेळी या क्षेत्रात त्यांचे नाव नव्हते आणि इतक्या ऐतिहासिक हॉटेलाला स्वतःचे एक पेय असावे असे त्यांना वाटत होते, एवढीच त्यामागची हकीकत. लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की, बनाव कोणा संशोधकाने उघडकीस आणला नाही; ज्याने तो केला होता त्यानेच तो सांगितला. त्यांनी मौन पाळले असते तर कदाचित मीही आज हे पेय जुने म्हणूनच वर्णिले असते.

कबुलीनंतर बहुतेकांची प्रतिक्रिया खिलाडूपणाची होती. पेय तर चांगले आहे ना, मग बिघडले काय? माझ्या विद्यार्थ्यांचीही हीच भूमिका असते, आणि तिच्यात तथ्य आहे. कबुलीच्या आदल्या दिवशीचा पेला आणि दुसऱ्या दिवशीचा पेला यांच्या चवीत कणाचाही फरक पडत नाही. प्रक्षिप्त ठरलेली ओवी रसाळ असू शकते, तसेच हे. पण ‘काय बिघडले’ या प्रश्नाचे उत्तर पेल्यात शोधून सापडणार नाही. ते लुईव्हिल शहरात शोधावे लागते.

१८७२ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर सातच वर्षांनी, याच शहरात टॉम बुलक नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा जन्मला. मोठा झाल्यावर त्याने पेंडेनिस क्लबात पेये करण्याचे काम केले आणि पुढे तो सेंट लुईच्या कंट्री क्लबात गेला. १९१३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्याला दारुडा म्हणणाऱ्या एका संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षीत त्यांनी सांगितले की, सेंट लुईच्या त्या क्लबात आपण पुदिन्याच्या जुलेपाचे जेमतेम एकदोन घोट घेतले होते. तिथल्या ‘पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राने यावर अग्रलेखच लिहिला: टॉमच्या हातचे जुलेप कोणी अर्धे ठेवील, ही गोष्ट विश्वासार्ह नाही! १९१७ मध्ये बुलकने ‘द आयडियल बारटेंडर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत कृष्णवर्णीय लेखकाने केलेल्या अशा पुस्तकांत ते अगदी सुरुवातीचे मानले जाते. त्याला प्रस्तावना आहे जॉर्ज हर्बर्ट वॉकर यांची. त्यांचा नातू आणि पणतू पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पुस्तकात केंटकी पद्धतीच्या जुलेपाची कृती आहे. तीन वर्षांत दारूबंदी आली आणि ज्या धंद्यासाठी ते लिहिले तोच धंदा देशातून हद्दपार झाला.

म्हणजे दारूबंदीपूर्व काळातल्या, लुईव्हिलमध्ये जन्मलेल्या आणि तिथेच काम केलेल्या एका बारटेंडरचा अस्सल, छापील, सही-सालासह असलेला दस्तऐवज उपलब्ध होता. एका कधीच न सापडलेल्या कागदावर लोक विश्वास ठेवत होते, त्या वर्षांत तो ग्रंथालयात होता. २००१ मध्ये त्याचे पुनर्मुद्रणही झाले. पण सीलबाखच्या कथेतल्या वेंधळ्या, निनावी बारटेंडरला जितके श्रोते मिळाले, तितके टॉम बुलकला फार उशिरापर्यंत मिळाले नाहीत. बनावट इतिहासाने होणारे नुकसान हे असे असते. तो पेयाला काही करीत नाही, पण खऱ्या माणसाने बसायची जागा अडवून ठेवतो. आणि त्या जागेवर ज्याला बसवतो, त्याच्याकडून नवे पेय निर्माण होते तेही अपघाताने. बुलकसारख्यांच्या कसबाला, त्यांनी वर्षानुवर्षे घोटलेल्या हाताला, अशा कथेत स्थानच उरत नाही. सीगर यांच्या स्वतःच्या कौशल्यालाही ते उरले नव्हते. चौदा शिंतोड्यांचा तोल सांभाळण्याचे श्रेय त्यांना एकवीस वर्षे एका काल्पनिक सांडलवंडीला द्यावे लागले.

या ठिकाणी एकनाथांची आठवण होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आपण हे केले असे त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस स्वतः नोंदवून ठेवले, साल दिले, आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असेही बजावले. जुन्या ग्रंथाला हात लावू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. हात तर त्यांनी लावलाच होता. तो कोणाचा हे वाचकाला कळले पाहिजे, एवढा त्यांचा दंडक होता. नवे रचणाऱ्यालाही अडवलेले नव्हते. त्याने नवे म्हणून रचावे, आपल्या नावाने रचावे.

तेव्हा हे पेय घरी करायला हरकत नाही. पेला गार करावा, चौदा शिंतोडे मोजून घालावेत, वाइन भिंतीवरून सावकाश सोडावी. पाहुण्याने ‘हे जुने आहे का?’ असे विचारले, तर सांगावे की नाही. हे १९९५ च्या सुमाराचे, अॅडम सीगर यांचे. आणि जुने काही हवेच असेल तर टॉम बुलकचे पुस्तक काढून त्यातले जुलेप करावे. त्याला फेस नसतो. पुदिना मात्र ताजा हवा.